नेटफ्लिक्सचे ओपन कनेक्ट : वीजवापराच्या कसोटीवर

नेटफ्लिक्स इंटरनेट सेवादात्यांना विनामूल्य देत असलेल्या ओपन कनेक्ट उपकरणांची, म्हणजे सेवादात्याच्याच जाळ्यात बसून चित्रपट-मालिकांचा साठा ठेवणाऱ्या सर्व्हरांची, चर्चा बहुधा बँडविड्थच्या (डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेच्या) अंगाने होते. सेवादात्याच्या कोअर नेटवर्कची (साऱ्या ट्रॅफिकचा भार वाहणाऱ्या मध्यवर्ती जाळ्याची) देखभाल करणारा म्हणून मी ती वीजवापराच्या अंगाने तपासली.

या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती साठा भरण्याची वेळ. मागणी आल्यावर फाइल आणून ठेवणारा हा साधा कॅशे (तात्पुरता साठा) नव्हे. उद्या काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून चित्रपट आणि मालिका कमी वर्दळीच्या तासांतच उपकरणात उतरवल्या जातात, आणि एका ठिकाणी अनेक उपकरणे असतील तर आलेली प्रत ती आपसांत वाटून घेतात. कोअरची क्षमता सरासरी वापरावर नव्हे, तर गर्दीच्या तासावर, तेही एखादी केबल तुटली तरी निभावेल अशा बेताने ठरते, त्यामुळे गर्दीचा माथाच खाली आणणारी ही योजना मला एकूण डेटा वाचवण्याहून महत्त्वाची वाटते.

उपकरणाची बांधणीही काटकसरीची आहे. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर यांवर चालणाऱ्या या सर्व्हरमध्ये एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात बदलणे) कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, होत असल्याने मेमरीतील अनावश्यक नकला टळतात. २०२१ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी एन्क्रिप्शनचे हेच काम नेटवर्क कार्डावर सोपवून एका प्रोसेसरच्या सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिटपर्यंत व्हिडिओ देऊन दाखवला. उपकरणाची जागा आणि वीज मात्र सेवादात्याने पुरवायची असते, हे हिशेबात धरायलाच हवे.

खरी अडचण आपल्या राउटरांत आहे. रिकामा राउटरही पूर्ण भाराच्या वेळी लागणाऱ्या विजेचा बराच मोठा हिस्सा खातो, कारण पंखे, स्विचिंग फॅब्रिक (कार्डांना आतून जोडणारा भाग) आणि लाइन कार्डे (पोर्ट असलेली, काढता-घालता येणारी कार्डे) यांना ट्रॅफिक कमी झाल्याचे सोयरसुतक नसते. आमच्याकडे उपकरण बसवल्यावर कोअरमधील ट्रॅफिकचा आलेख स्पष्टपणे उतरला, पण विजेचा मीटर जिथल्या तिथे राहिला. जादा पोर्ट बंद केले, तर लेझर विझला, तरी ऑप्टिकल मॉड्यूलला (पोर्टमधील, विद्युत संकेत प्रकाशात बदलणाऱ्या भागाला) वीज मिळतच होती. अखेर उरलेल्या लिंक मोजक्या कार्डांवर एकत्र आणून रिकामे कार्ड उपसून काढले, तेव्हा कुठे आकडा हलला.

म्हणून माझी शिफारस अटीसह आहे. ज्यांची कोअर क्षमता वाढवण्याची वेळ जवळ आली आहे, त्यांनी हे उपकरण अवश्य घ्यावे, कारण न बसवलेले लाइन कार्ड वीज खात नाही. ज्यांची मागणी अल्प आहे, त्यांनी इंटरनेट एक्स्चेंजवरील (जिथे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या केंद्रावरील) नेटफ्लिक्सशी थेट जोडणीचा पर्याय आधी तपासावा.