मोती-शिंपला वाचवायचा: हॅचरीत वाढवून की नदी सुधारून?

युरोपातल्या नद्यांमधला मोती-शिंपला शंभर वर्षांहूनही जास्त जगू शकतो, पण कित्येक नद्यांत आता फक्त म्हातारे शिंपलेच उरलेत.

हॅचरीत, म्हणजे पिल्लं वाढवायच्या केंद्रात, त्याच्या अळ्या सॅल्मन किंवा ट्राउट माशांच्या कल्ल्यांवर चिकटू देतात, माशांसकट कित्येक महिने सांभाळतात आणि गळून पडलेली इवलीशी पिल्लं गोळा करून वाढवतात. वंश संपत आला असेल तर हे करावंच लागतं.

तरी माझा कौल नदीला. पिल्लं पहिली चार-पाच वर्षं तळातल्या खडीत पुरलेली असतात. शेतांतून वाहून आलेला गाळ खडीच्या फटींत बसला की प्राणवायू पोचत नाही, ती गुदमरतात. हॅचरीतली सोडली तरी तेच होणार! म्हणून आधी काठावर झाडं लावायची, गुरं पाण्यात उतरू द्यायची नाहीत, माशांची वाट अडवणारे बंधारे काढायचे. हॅचरीने तोवर वंश टिकवावा.