निपलावर छापलेला महिना आणि बाळाची भूक: एस, एम, एल निपलांचं परीक्षण

काल १२० मिलि गटागटा पिणारं बाळ आज ६० वरच तोंड फिरवतं, तेव्हा घरात आधी पावडरवर संशय येतो, मग दातांवर, आणि शेवटी दृष्ट काढली जाते. बाटलीच्या टोकाला बसवलेलं निपल कोणी तपासत नाही. वास्तविक सुरुवात तिथूनच करावी. म्हणून हे परीक्षण पावडरीचं नसून दुकानात एस, एम, एल (कमी वेगापासून जास्त वेगाकडे) आणि वाय (टोकाला Y आकाराचा छेद) अशा मापांत मिळणाऱ्या सिलिकॉन निपलांचं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. दूधपावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, आणि इथे प्रश्न मापाचा आहे, कंपनीचा नाही.

कितव्या महिन्याच्या बाळाला कोणतं माप, हे पाकिटावर छापलेलं असतं; तो निव्वळ अंदाज समजा. दुधाचा वेग किती असावा याचं सगळ्या कंपन्यांना लागू होणारं एकच माप नाही. त्यामुळे एकीचं एस दुसरीच्या एमइतकं वाहू शकतं. बाटली बदलली आणि त्याच दिवशी बाळाची ‘भूक’ बदलली, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. घरी ढोबळ चाचणी करता येते: बाटलीत तयार दूध भरा, उलटी धरा, हलवू नका. सेकंदाला साधारण एक थेंब पडला तर वेग संथ आहे. धार लागली तर ते निपल तान्ह्या बाळासाठी नाही. अर्थात बाळ ओढतं तेव्हा दाब वेगळा असतो, म्हणून शेवटचा निकाल बाळाकडे बघूनच लागतो.

वेग कमी पडत असेल तर बाळ जोरजोरात ओढतं, निपल आत चपटं होतं, बाळ चिडून सोडतं, पुन्हा धरतं, अर्ध्या तासाने दमून पेंगतं आणि तासाभरात पुन्हा रडतं. वेग जास्त असेल तर ओठांच्या कोपऱ्यांतून दूध ओघळतं, ठसका लागतो, गिळण्याचा मोठा आवाज येतो, हाताची बोटं ताणली जातात. असं बाळ पाच मिनिटांत बाटली संपवतं आणि नंतर ओकतं. हे दुसरं चित्र अनेक घरांत ‘भूक वाढली’ म्हणून कौतुकाने सांगितलं जातं. एका वेळच्या दुधाला १५ ते ३० मिनिटं लागणं ठीक. बाळाला थोडं उभं धरावं, बाटली जवळजवळ आडवी ठेवावी, मध्ये दोन-तीनदा थांबावं.

मोठं माप आणण्याआधी निपलाच्या कडेचं हवेचं छिद्र बघा. दूध बाहेर जातं तितकी हवा तिथून आत यायला हवी. पावडरीचा थर सुकून ते बुजलं, किंवा रिंग फार घट्ट पिळली, की चांगलं एससुद्धा चपटं होतं. धुताना ते छिद्र दोन बोटांत चोळून उघडायचं आणि रिंग पूर्ण घट्ट लावून किंचित सैल करायची. पावडरीच्या गुठळ्या टोकाच्या छिद्रात अडकतात, तेही तपासा. गरम सुईने छिद्र मोठं करण्याची जुनी सवय मात्र सोडाच. वेगावर ताबा राहत नाही आणि तिथून सिलिकॉन फाटत जातं. चिकट झालेलं, फुगलेलं किंवा चीर पडलेलं निपल सरळ टाकून द्यावं.

वाय छेदाचं निपल नाचणीची पेज बाटलीतून पाजायला घेतलं जातं. हा वापरच चुकीचा आहे. सहा महिन्यांनंतरची पेज वाटी-चमच्यानेच द्यावी.

निपल ठीक असूनही प्रमाण बदललं, तर २४ तासांची बेरीज करा. एका बाटलीवरून काही ठरत नाही. पावडरच्या दुधावरच्या बाळाला पहिल्या आठवड्यानंतर किलोमागे रोज साधारण १५० मिलि लागतं. म्हणजे ५ किलोच्या बाळाला ७५० मिलि, सहा बाटल्यांत वाटलं तर प्रत्येकी १२५. बेरजेत एक घोळ नेहमी होतो: ९० मिलि पाण्यात तीन चमचे पावडर टाकल्यावर पातळी १०० च्या आसपास चढते. नोंद पाण्याची करायची की दुधाची, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा ठरवून घ्यावं. पाणी नेहमी आधी मोजावं, पावडर नंतर, आणि चमचे किती ते डब्यावर बघून. कमी पितं म्हणून दूध घट्ट करू नये, जास्त मागतं म्हणून पाणी वाढवू नये. बाटलीत उरलेलं दूध तासाभरात ओतून टाकावं, पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

दोन-तीन आठवड्यांचं, सहा आठवड्यांचं आणि तीन महिन्यांचं बाळ दोन-तीन दिवस अचानक जास्त मागतं. तेव्हा ३० मिलि वाढवून बघावं, माप बदलायची घाई नको. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीनंतर एखादा दिवस कमी पिणं नेहमीचं आहे. चार महिन्यांनंतर पंखा, आजोबा, टीव्ही सगळंच दुधापेक्षा महत्त्वाचं होतं. अंधुक, शांत खोलीत पाजलं की फरक पडतो. नाक चोंदलं असेल तर ओढता ओढता श्वास घेता येत नाही, तेव्हा पाजण्याआधी सलाइनचे थेंब. जिभेवरचे पांढरे डाग पुसून जात नसतील तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

लागोपाठ दोन-तीन वेळा दूध नाकारणं, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली, हिरवी उलटी, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप: यापैकी काहीही दिसलं तर निपलाचा विचार सोडून थेट दवाखाना गाठा.

खरेदीचं म्हणाल तर एसची दोन निपलं घ्या, वेग कमी पडल्याची आधी सांगितलेली लक्षणं दिसली तर एमचं एकच घेऊन बघा. एल आधीच आणून ठेवू नका. प्लास्टिकच्या बाटलीवर आयएसआय खूण बघा. मिलिच्या रेघा नुसत्या छापलेल्या असतील तर उकळून उकळून पुसट होतात, उठावाच्या टिकतात.

निपल अजिबात तोंडात घेत नसेल तर बोंडलं किंवा वाटी-चमचा. उकळायला सोपं, छिद्राची भानगड नाही. खालच्या ओठाला टेकवून बाळ जिभेने घेईल तेवढंच द्यायचं, ओतायचं नाही. एवढंच की १५० मिलि असं पाजायला अर्धा तास आणि दोन लाळेरी लागतात.