साउंड भाड्याने आणताय? डिपॉझिट देण्याआधी हे वाचा

छोट्या गावात तळघरात स्वतःच्या जिवावर बँडचे कार्यक्रम करणाऱ्यांसाठी लिहितोय. आम्हाला साउंडवाल्याने डिपॉझिटमध्ये फसवलं, आणि कसं ते कळल्यावर डोकंच फिरलं.

गावात साउंड देणारा हा एकटाच, म्हणून अटी त्याच्याच. भाडं पूर्ण आधी, वर तगडं डिपॉझिट. सामान आणलं अगदी शेवटच्या घटकेला, पोरं दारात जमायला लागली होती तेव्हा, भराभर वायरी जोडल्या, माइकवर दोनदा हॅलो हॅलो केलं आणि गेला पण. आवाज येत होता पण दबलेला, गाण्यातले स आणि श लागतच नव्हते, ड्रमच्या सिंबल्स तर गायबच. फोन केला तर म्हणे बेसमेंट आहे, छत खाली आहे, आवाज दबणारच.

हे ऐकायला एकदम पटतं आणि म्हणूनच तो ते सांगतो. बेस कोपऱ्यात साठून घुमतो हे खरं, माणसं भरली की तीक्ष्ण आवाज अंगावरच्या कपड्यांत शोषला जातो हेही खरं. पण रिकाम्या सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवून बघा, कशी खणखणीत घुमते! तिथे सिंबल्स उलट कानाला टोचायला पाहिजेत. रिकाम्या खोलीतही नुसता घूं घूं आवाज येत असेल तर आधी स्पीकरचा हॉर्न, म्हणजे तीक्ष्ण आवाज काढणारा भाग बघा, तो मेलेला असू शकतो.

दुसऱ्या दिवशी सामान न्यायला आला तो मीटर घेऊनच. जाळी काढली, हॉर्नच्या ड्रायव्हरची (हॉर्नमागचा आवाज तयार करणारा भाग) वायर सोडवून मीटर लावला, काहीच रीडिंग नाही. 8 ओमच्या चांगल्या ड्रायव्हरला 6 च्या आसपास दाखवतं, काहीच नाही म्हणजे आतली तारेची कॉइल तुटलेली. मग सुरू झाला, तुम्ही साउंड मिक्सरचे लाल दिवे लागेपर्यंत वाजवलं, आवाज क्लिप झाला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटला, ड्रायव्हर उडाला. क्लिपिंगने हॉर्न उडतो हे खरंच आहे त्यामुळे बोलायला जागाच ठेवली नाही त्याने. सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. दारावर जमलेल्या पैशातून बाहेरून आलेल्या बँडला प्रवासखर्च द्यायचा होता, तो पण डिपॉझिटसाठी केलेली उधारी फेडण्यात गेला, आणि त्या पोरांना रिकाम्या हाताने पाठवताना जे वाटलं ते मला अजून विसरता येत नाही.

नंतर दुसऱ्या एका ग्रुपशी बोलणं झालं. त्यांचंही डिपॉझिट कापलं होतं, आमच्या आधी, ह्याच कारणासाठी. त्यांच्याकडे स्पीकरच्या मागच्या बाजूचा फोटो होता, आमच्याकडे सामान उतरवतानाचा. सीरियल नंबर तोच!! एकच मेलेला हॉर्न फिरवून हा माणूस लोकांकडून पैसे काढतोय. फोटो पाठवल्यापासून तो फोन उचलत नाही.

म्हणून सामान गाडीतून उतरलं की सीरियल नंबरचे फोटो काढा, प्रत्येक स्पीकर एकेकटा चालू करून सिंबल्स असलेलं गाणं लावा, हॉर्नजवळ कान नेऊन ऐका आणि साउंडवाला आहे तोपर्यंतच व्हिडिओ करा, तो घाईत आहे म्हणाला तरी थांबवा. चिठ्ठीवर काय चालू काय बंद ते लिहून त्याची सही घ्या. परत देताना पुन्हा तेच गाणं तसंच वाजवून दाखवा, आणि डिपॉझिट हातात आल्याशिवाय सामान गाडीत चढवू देऊ नका.