गोळ्यांची पिशवी घेऊन फार्मासिस्टकडे: औषध-तपासणी सेवेचा अनुभव

टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि लघवीवाटे जादा पाणी काढणारी ‘पाण्याची गोळी’ अशा रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असूनही आईचा रक्तदाब १५८/९४ च्या आसपासच राहत होता आणि चौथी गोळी सुरू करण्याचे घाटत होते. त्याआधी चालू गोळ्या एकदा कुणीतरी नीट पाहाव्यात, म्हणून एका औषध दुकानाची तपासणी सेवा आम्ही घेतली. घरात असेल ते सगळे आणा, असे त्यांनी बजावले होते, आणि या सेवेचे निम्मे यश मी त्या एका सूचनेला देईन.

फार्मासिस्टांनी एकेक स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ औषध आम्हालाच वाचायला लावले. गुडघेदुखीसाठी आई दिवसातून दोनदा घेत होती ती गोळी आयब्युप्रोफेनची निघाली. ते शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि टेल्मिसार्टन व पाण्याच्या गोळीबरोबर मूत्रपिंडावरही ताण आणते. पण ती गोळी कुठल्याच चिठ्ठीवर नसल्यामुळे डॉक्टरांना तिचा पत्ताच नव्हता. आईच्या घोट्यांची सूज अॅम्लोडिपिनमुळे असू शकते आणि तशी सूज पाण्याच्या गोळीने सहसा उतरत नाही, हेही तिथेच समजले. आम्ही मात्र त्या सुजेसाठीच पाण्याची गोळी वाढवून घेतली होती. मनाने काहीही बंद करू नका, असे सांगून त्यांनी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, हे मला फार जबाबदारीचे वाटले. डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन थांबवले, अॅम्लोडिपिनची मात्रा कमी केली, आणि तीन आठवड्यांनी रक्तदाब १३६/८२ भरला.

दोन उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. आठवड्याच्या कप्प्यांची डबी देताना त्यांनी सगळ्या गोळ्या सोलून आत भरल्या. टेल्मिसार्टन हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे ती घेण्याच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची असते. आता मी स्ट्रिपचा एकेक कप्पा कात्रीने कापून डबीत ठेवतो. दुसरी उणीव मोठी आहे. कुठली गोळी चुकते का, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. बाहेर जायचे असले की वारंवार लघवीला जावे लागेल या संकोचाने आई पाण्याची गोळी गुपचूप वगळत होती, आणि हे तिने परतीच्या वाटेवर मला सांगितले.