खरा व्हिसा, खोटा अर्थ: ‘सुपर व्हिसा’च्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

आमच्या पासपोर्टवर चिकटवलेला कॅनडाचा व्हिसा अस्सल होता, आणि नेमक्या त्याच कारणामुळे आपली फसवणूक झाली आहे हे पोलिसांना पटवून देणे आम्हांला अवघड गेले. बनावट व्हिसा आणि बनावट नेमणूकपत्रे यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. आमच्या बाबतीत मात्र एका प्रकारचा व्हिसा दुसऱ्या प्रकारचा म्हणून विकण्यात आला आणि तो मिळवण्यासाठी आमच्या नावाने खोटी माहिती कळवण्यात आली. परदेशातील मुलांकडे दीर्घ मुक्कामाला जाण्याच्या तयारीत असलेली अनेक ज्येष्ठ जोडपी नाशिकमध्ये आहेत, त्यांच्यासाठी हे तपशिलाने लिहीत आहे.

आम्ही पती-पत्नी नाशिकरोडला राहतो. देशातील पासपोर्टच्या पुस्तिका ज्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात ती आमच्या घरापासून फार लांब नाही. पण पुस्तिका आपल्या गावात छापली जाते म्हणून तिच्यावर चिकटवलेल्या परदेशी स्टिकरचा अर्थ गावाला कळतो असे नाही. आमची मुलगी कॅनडात शिकली आणि सध्या तेथे वर्क परमिटवर नोकरी करते. तिचे बाळंतपण जवळ आल्यावर आम्ही दोघांनी वर्ष-दोन वर्षे तिच्याकडे राहावे असे ठरले. नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नर परिसरातील एका सल्लागार कार्यालयाचे पत्रक वर्तमानपत्रातून घरी आले होते. कॅनडाला जायचे तर कॅनडा कॉर्नरला या, अशा अर्थाची ओळ त्यावर छापलेली होती.

कार्यालयातील भिंतीवर गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी आणि उद्यम प्रमाणपत्र काचेच्या चौकटींत लावलेले होते, आणि ‘काका, आम्ही सरकारमान्य आहोत’ असे म्हणताना तेथील चालक त्यांच्याकडेच बोट दाखवत असे. वास्तविक ही तिन्ही कागदपत्रे दुकान थाटणाऱ्या कोणालाही मिळतात. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर स्थलांतराच्या) कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते; परंतु मुलांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांचे अर्ज भरून देणाऱ्यांना ही नोंदणी लागू नाही. त्यामुळे ‘सरकारमान्य’ या शब्दाला या व्यवसायात आपल्याकडे फारसा आधार नसतो. आधार असतो तो कॅनडाच्या कायद्यात. पैसे घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याची मुभा तेथे केवळ वकिलांना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेच्या परवानाधारकांसारख्या ठरावीक व्यक्तींनाच आहे. या संस्थेची नोंदवही इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे. आमच्या सल्लागाराचे नाव तिच्यात नाही.

त्याने आम्हांला ‘सुपर व्हिसा’ देऊ केला. हा व्हिसा अस्तित्वात आहे, आणि त्याबद्दल त्याने सांगितलेले बरेचसे खरेही होते. आईवडील व आजीआजोबांसाठी असलेल्या या व्हिसावर जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, तर साध्या व्हिजिटर व्हिसावर सर्वसाधारणपणे सहा महिने. त्याने सांगायचे टाळले ते एवढेच की सुपर व्हिसासाठी बोलावणारे मूल कॅनडाचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी, म्हणजे पीआरधारक, असावे लागते. आमच्या मुलीच्या वर्क परमिटची प्रत पहिल्याच भेटीत त्याने मागून घेतली होती. म्हणजे आम्ही या व्हिसाला पात्र नाही हे त्याला पैसे घेण्यापूर्वीच माहीत होते.

पैसे त्याने तीन भागांत घेतले: सल्ला शुल्क, आरोग्यविमा आणि वैद्यकीय तपासणी. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा विमा खरोखरच लागतो, आणि नुसते कोटेशन त्यासाठी चालत नाही. आम्हांला मिळालेला रंगीत कागद पुढे मुलीने त्या विमा कंपनीकडे तपासला, तेव्हा त्या क्रमांकाची पॉलिसीच नसल्याचे आणि तो कोटेशनचा फेरफार केलेला नमुना असल्याचे कळले. वैद्यकीय तपासणी कॅनडा सरकारने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच करावी लागते. आमची रक्त-लघवीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे त्याने ओळखीच्या लॅबमध्ये करून घेतला व ‘अहवाल अपलोड झाला’ असे सांगितले. बोटांचे ठसे देण्यासाठी आम्ही पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन आलो. तेवढी एकच गोष्ट त्याला आमच्याऐवजी करता येण्यासारखी नव्हती.

काही आठवड्यांनी पासपोर्ट परत आले आणि दहा वर्षांचा व्हिसा आल्याबद्दल त्या कार्यालयात आम्हांला पेढेही देण्यात आले. स्टिकरचा फोटो मुलीला पाठवला तेव्हा तिने पहिला प्रश्न प्रकाराच्या रकान्याबद्दल विचारला. त्या रकान्यात ‘व्ही-१’ असे होते, म्हणजे साधा व्हिजिटर व्हिसा. सुपर व्हिसावर तेथे ‘पीजी-१’ असते. मुदतीच्या रकान्यात दूरची तारीख होती हे खरे, परंतु ती तारीख कधीपर्यंत प्रवेश मागता येईल हे सांगते; प्रवेश मिळाल्यावर किती दिवस राहता येईल हे ती सांगत नाही. साध्या व्हिजिटर व्हिसाचीही मुदत दहा वर्षांपर्यंत असू शकते, आणि या सगळ्या फसवणुकीचा डोलारा त्या साम्यावर उभा होता.

यापेक्षा गंभीर बाब नंतर उघड झाली. ऑनलाइन अर्जाचे खाते त्याने स्वतःच काढलेल्या ईमेलवर उघडले होते आणि पासवर्ड आम्हांला कधीच दिला नव्हता. पोलिसांत जाण्याची भाषा केल्यावर त्याने तो दिला, आणि भरलेला अर्ज आम्ही प्रथमच वाचला. त्यात प्रवासाचा हेतू पर्यटन, मुक्काम तीन आठवडे, आणि बँकेत आमच्याकडे कधीही नव्हत्या एवढ्या रकमेच्या मुदतठेवी दाखवल्या होत्या. मुलीच्या बाळंतपणाचा उल्लेख कोठेही नव्हता. प्रतिनिधी म्हणून त्याचे नावही नव्हते. आम्हीच नाशिकमध्ये बसून हा अर्ज भरला असा त्याचा देखावा होता. अर्ज कोणीही भरलेला असो, त्यातील माहितीची जबाबदारी अर्जदारावर असते, आणि चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर कॅनडाच्या कायद्यातील कलम ४० नुसार पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. विमानतळावरील अधिकाऱ्याने ‘किती दिवस राहणार’ असे विचारले असते आणि आम्ही प्रामाणिकपणे ‘दोन वर्षे’ म्हटले असते, तर आमचे खरे उत्तरच आमच्या अर्जाला खोटे पाडणारे ठरले असते. पैसे गेले त्याहून हे मला अधिक संतापजनक वाटते.

पोलीस ठाण्यात प्रथम असे ऐकावे लागले की व्हिसा मिळाला आहे, तो खरा आहे, मग फसवणूक कसली. हा तुमचा आपसातील व्यवहार आहे. त्याने करारनाम्यात ‘व्हिजिटर प्रवर्गातील व्हिसा’ असे मोघम शब्द घातले होते आणि त्यांच्याच आधारे तो काम पूर्ण झाल्याचे सांगत होता. उपयोगी पडले ते त्याचे व्हॉट्सअॅप संदेश, ज्यांत ‘सुपर व्हिसा’ आणि ‘पाच वर्षे राहता येईल’ हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. हे संदेश मूळ फोनमध्ये तसेच ठेवावेत, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र द्यावे लागते. बनावट विमापत्र पुढे ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला आणि भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीसंबंधीच्या कलम ३१८ खाली तक्रार लिहून घेण्यात आली. सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र तक्रार केली आहे. तेथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. रोखीने दिलेल्या भागाची पावती नसल्याने तेवढी रक्कम सिद्ध करणे मात्र कठीण जात आहे.

हीच युक्ती इतर देशांच्या बाबतीतही चालते. त्याच कार्यालयात भेटलेल्या एका गृहस्थांना अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा (युरोपातील बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) म्हणजे युरोपात सलग राहण्याची परवानगी असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्या व्हिसाची मुदत पाच वर्षांची असली तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि हे ९० दिवस सर्व शेंगेन देशांचे मिळून मोजले जातात; जर्मनीत ९० संपवून फ्रान्समध्ये नवे ९० सुरू होत नाहीत. त्याहून दीर्घ मुक्कामासाठी त्या त्या देशाचा राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या व्हिसावरही मुक्कामाची तारीख ठरते ती प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या आय-९४ नोंदीवर.

दोघांचे मिळून कॅनडाचे सरकारी शुल्क ३७० डॉलर होते: प्रत्येकी १०० व्हिसाचे आणि बोटांच्या ठशांसाठी कुटुंबाचे १७०. रुपयांत ते पंचवीस हजारांच्या आसपास जाते, आणि आमच्याकडून घेतलेल्या रकमेचा तो अगदी लहान भाग आहे.

त्या व्हिसावर आम्ही प्रवास केलेला नाही. मुलीने तेथील परवानाधारक सल्लागाराच्या मदतीने घडलेला प्रकार कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाला लेखी कळवला असून पोलीस तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. नवा अर्ज आम्ही स्वतःच्या ईमेलवरून भरत आहोत. त्यात हेतू बाळंतपणासाठी मदत आणि मुक्काम सहा महिने असा लिहिला आहे, व अधिक राहणे आवश्यक ठरल्यास मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी तेथूनच मुदतवाढीचा अर्ज करण्याचे ठरले आहे. मुलीला पीआर मिळाल्यावर सुपर व्हिसाचा विचार करता येईल.