पॅरिसची फायनान्स पदवी घेण्याआधी तिच्या नावावरची मात्रा बघा

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी पॅरिसला फायनान्स शिकायला गेले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात परत आले. डोक्यावर २२ लाखांचं कर्ज आहे आणि जे फंड अकाउंटिंगचं काम सोडून गेले होते, तेच आज पुण्यात खराडीला पुन्हा करते आहे. इतके दिवस हे लिहायचं धाडस झालं नाही. गावात बाबांचं नाव निघेल, याची भीती होती. पण गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका मुलीने मला एक ब्रोशर व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं, "ताई, हे कॉलेज कसं आहे?" ते मी शिकले त्याच कॉलेजचं ब्रोशर होतं. मुखपृष्ठ तेच, फक्त साल बदललेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं होतं. बी.कॉम., सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेची पहिली लेव्हल, दोन वर्षांची नोकरी, एवढी माझी शिदोरी. फ्रान्समधल्याच एका जुन्या बिझनेस स्कूलचं ऑफर लेटर मी स्वतः अर्ज करून मिळवलं होतं. फी जवळजवळ २३ हजार युरो. शिवाय मिलानचं बोकोनी विद्यापीठ आणि रॉटरडॅमचं बिझनेस स्कूल यांचा विचार चालू होता, पण जीमॅट या प्रवेश परीक्षेतला माझा स्कोअर बेताचा होता. अशा वेळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही डेक्कनवरच्या एका कन्सल्टंटकडे गेलो. बाबा साताऱ्याहून मुद्दाम रजा काढून आले होते.

सरांनी माझं ऑफर लेटर वाचलंसुद्धा नाही. फी बघितली आणि बाजूला ठेवलं. "काका, दुप्पट पैसे कशाला घालवता? हे बघा, पॅरिसमध्येच, ला देफाँसला, जिथे बँका आहेत तिथेच कॅम्पस. जीमॅट नको, फी १२ हजार युरो. कोर्स संपला की भारतीय मुलांना दोन वर्षं राहायला मिळतं. आणि पॅरिसहून लंडन ट्रेनने सव्वादोन तास." ब्रोशरच्या शेवटच्या पानावर मोठमोठ्या बँकांचे लोगो होते. बाबांनी त्यातल्या एकावर बोट ठेवून विचारलं, "इथे लागेल का ही?" सर म्हणाले, "का नाही?"

त्यांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच आम्ही फसलो.

दोन वर्षांचंच घ्या. भारत आणि फ्रान्समध्ये २०१८ मध्ये करार झाला. तिथे मास्टर्स केलेल्या भारतीयांना नोकरी शोधण्यासाठी वर्षभराचा परवाना मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो, हे खरंच आहे. पण फ्रान्समध्ये 'मास्टर' हा शब्द सरकारच्या ताब्यात आहे. सरकारने ज्या पदवीला 'ग्राद द मास्टर', म्हणजे मास्टर्सचा अधिकृत दर्जा, दिला असेल, तिलाच तो हक्क. त्याखेरीज कॉन्फेराँस दे ग्रांद एकोल, म्हणजे सीजीई, या तिथल्या नामांकित कॉलेजांच्या (ग्रांद एकोलांच्या) संघटनेने मान्य केलेले एमएससी आणि 'मास्तेर स्पेसिॲलिझे' हे कोर्स चालतात. माझ्या ब्रोशरवर लिहिलेलं होतं 'मास्तेर'. ई या अक्षरावर एक तिरकी रेघ, अगदी आपल्या मात्रेसारखी. मी तेव्हा विचारलंही होतं की हे स्पेलिंग असं का. "फ्रेंचमध्ये तसंच लिहितात," असं उत्तर मिळालं. नुसता मात्रावाला 'मास्तेर' हा शब्द तिथे कोणतंही खासगी कॉलेज वापरू शकतं. 'मास्टर' वापरू शकत नाही. एवढीशी रेघ, आणि तिच्यापायी माझी दोन वर्षं गेली.

दुसरं वाक्य होतं, "लेव्हल सात, म्हणजे मास्टर्सच." फ्रान्समध्ये आरएनसीपी नावाची व्यावसायिक प्रमाणपत्रांची सरकारी नोंदवही आहे. तिच्यात सातवी पातळी असते आणि ती मास्टर्सच्याच उंचीची मानतात. पण पातळी वेगळी आणि ग्राद वेगळा. नरो वा कुंजरो वा. माझ्या कॉलेजचं प्रमाणपत्र त्या वहीत आहे, ते खोटं नाही. ग्राद मात्र त्याला नाही, आणि तेवढंच मला कोणी सांगितलं नाही.

हे कळायला २०२४ उजाडावं लागलं. आमच्या खोलीत कोल्हापूरची एक मुलगी राहायची, सीजीईमान्य एमएससी करणारी. दोघींनी एकाच रात्री परवान्याचे ऑनलाइन अर्ज भरले, शेजारी शेजारी बसून. तिचा परवाना आला. मला आलेल्या पत्राचा अर्थ एवढाच होता की तुमची पदवी यादीत बसत नाही. मी ते पत्र घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "आम्ही मास्टर देतो असं कुठेही लिहिलेलं नाही." घरी येऊन मी सगळी २४ पानं वाचून काढली. खरंच कुठेही नव्हतं.

पण पदवीला मान्यता असती तरी बँकेत शिरले असते का? आता वाटतं, नाही. आणि जी मुलं बँकिंगसाठीच युरोपला जाणार आहेत त्यांनी हे जरूर वाचावं. पॅरिसच्या बँकांत एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विलीनीकरणं) किंवा मार्केट्समध्ये (शेअर, रोखे यांचे व्यवहार) शिरायचा रस्ता म्हणजे 'स्टाज', सहा महिन्यांची पूर्णवेळ इंटर्नशिप. त्यासाठी बँक, कॉलेज आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो. मोठ्या ग्रांद एकोलची मुलं मध्ये एक वर्ष थांबून असे दोन स्टाज करतात, त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीला येतात तेव्हा त्यांच्या गाठीला बारा महिन्यांचा अनुभव असतो. माझ्या कॉलेजचं वेळापत्रक आठवड्यात दोन दिवस वर्ग असं पसरवलेलं. मग पूर्णवेळ स्टाज करायचा कधी? एका बँकेच्या अर्जात 'तुमचं कॉलेज निवडा' अशी यादी उघडली. एचईसी, एसेक, ईएससीपी, एडेक, दोफीन... मी खालपर्यंत गेले. माझं कॉलेज नव्हतंच. शेवटी 'इतर' निवडलं. त्या बँकेचं उत्तर कधी आलं नाही. शिवाय पॅरिसच्या डेस्कवर बरंचसं काम फ्रेंचमध्ये चालतं, आणि माझं फ्रेंच दुकानात ब्रेड घेण्यापुरतं. लंडनचं म्हणाल तर ब्रिटन २०२० मध्येच युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. फ्रान्सच्या परवान्यावर तिथे काम करता येत नाही, बँकेलाच तुमचा व्हिसा स्पॉन्सर करावा लागतो. ट्रेन सव्वादोन तासांत पोचते, माणूस पोचत नाही.

परत आल्यावर सरांना भेटले. म्हणाले, "व्हिसा मिळाला ना? आमचं काम तिथे संपलं." व्हिसा मिळणं म्हणजे पदवीला ग्राद असणं नव्हे, हे मला तोवर चांगलं कळलं होतं. ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तेव्हा वकीलकाकांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही त्याला पैसे दिलेत का?" कारण मोबदला दिल्याशिवाय तुम्ही कायद्याने ग्राहक ठरत नाही. समुपदेशन 'मोफत' होतं. सरांना पैसे कॉलेजकडून मिळत होते, प्रत्येक विद्यार्थ्यामागे. हे मला तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने नंतर सांगितलं. म्हणजे त्या दिवशी माझं ऑफर लेटर बाजूला का ठेवलं गेलं, ते आता स्पष्ट झालं. 'फाइल चार्जेस' म्हणून १५ हजार रोख घेतले होते, पण पावती दिली नव्हती. बाबांनी आयुष्यभर सहकारी बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना पावत्या दिल्या. ते अजून म्हणतात, "मी पावती मागितली नाही, मी." मला त्यांचं ते ऐकवत नाही.

इचलकरंजीच्या मुलीला मी त्याच रात्री फोन केला. फ्राँस कोंपेताँस या सरकारी संस्थेच्या साइटवर तिच्या कोर्सचा आरएनसीपी क्रमांक टाकायला लावला. प्रमाणपत्र कोणाच्या मालकीचं आहे आणि त्याची नोंदणी कधी संपते हे तिथे दिसतं. मग सीजीईची यादी उघडली आणि उच्चशिक्षण मंत्रालयाच्या राजपत्रातली ग्रादची यादीही. या दोन्ही याद्यांत कॉलेजचं नाव नव्हतं. कॉलेजला मेल करून एकच प्रश्न विचारायला सांगितला: या पदवीला ग्राद द मास्टर आहे का, हो की नाही? उत्तर आलं चार परिच्छेदांचं, त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. लिंक्डइनवर त्या कोर्सची मागच्या दोन वर्षांची मुलं शोधली, तर बहुतेक भारतात परतलेली. सगळं मिळून तासभरही लागला नाही. तिच्या बाबांनी शुक्रवारी भरायचं डिपॉझिट थांबवलं.

माझी तक्रार आता दाखल झाली आहे. १५ हजारांचा पुरावा म्हणून त्या दिवशी बाबांनी एटीएममधून पैसे काढल्याची पासबुकातली नोंद जोडली आहे, आणि सोबत ते ब्रोशर. याच पद्धतीने रोख पैसे दिलेलं आणखी कोणी असेल, तर पासबुकातली ती नोंद आणि सरांबरोबरचं व्हॉट्सॲप चॅट दोन्ही जपून ठेवा आणि मला कळवा.