सायबर स्वच्छता केंद्राचं मोफत टूल: लॅपटॉपसाठी चांगलं, टीव्ही बॉक्स आणि डीव्हीआरचं काय?

इंटरनेट कंपनीकडून ‘तुमच्या कनेक्शनवर मालवेअरचा संशय आहे’ असा एसएमएस किंवा ईमेल येतो, तेव्हा त्यात अनेकदा सायबर स्वच्छता केंद्राचं नाव असतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलं. तिथे क्विक हील, ईस्कॅन आणि के७ या कंपन्यांची बॉट, म्हणजे यंत्र परक्याच्या ताब्यात देणारं घातक सॉफ्टवेअर (मालवेअर), काढणारी टूल्स फुकट मिळतात. सेवा खरी आहे, विश्वासाची आहे आणि वापरावी अशीच आहे. फक्त ती घरातल्या कोणत्या यंत्रापर्यंत पोचते आणि कुठे थांबते, हे आधी कळायला हवं. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या साध्या फ्लॅटमध्येही आज लॅपटॉपपेक्षा बाकीची यंत्रं जास्त असतात.

आधी इशारा खरा आहे का ते बघा. ब्राउझरमध्ये सायरन वाजवत आलेली, फोन नंबर दाखवणारी पूर्ण स्क्रीनची सूचना शंभर टक्के खोटी समजा. ऑल्ट आणि एफ४ दाबून ती बंद करा. नाही झाली तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. खऱ्या इशाऱ्यात पैसे, ओटीपी किंवा दुसऱ्याला आपली स्क्रीन हाताळू देणारं एनीडेस्कसारखं ॲप घालण्याची मागणी नसते. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षर असतं: सरकारी संदेशाला जी, कंपनीच्या सेवा-संदेशाला एस, जाहिरातीला पी. तरीही एसएमएसमधल्या लिंकवर जाऊ नका. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा.

खऱ्या इशाऱ्यात तीन गोष्टी कामाच्या: आयपी पत्ता (कनेक्शनचा इंटरनेटवरचा क्रमांक), वेळ आणि मालवेअरचं नाव. असे इशारे बहुधा सिंकहोलमधून निघतात. म्हणजे मालवेअर ज्या सर्व्हरला हाक मारतो तो सर्व्हर तपास करणाऱ्यांनी ताब्यात घेतलेला असतो आणि हाक कुठून आली याची तिथे नोंद होते. वेळेपुढे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. रात्री ९ यूटीसी म्हणजे आपल्याकडे पहाटे अडीच. त्या वेळी लॅपटॉप बंद होता आणि चालू होते फक्त सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आणि टीव्ही बॉक्स, एवढं लक्षात आलं तरी अर्धा शोध संपतो.

आयपीची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. ठाणे-नवी मुंबईत सोसायटीला लाइन देणाऱ्या केबलवाल्यांच्या ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असू शकतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० पासून सुरू होत असेल, तर कनेक्शन वाटपाचं आहे. मग दोष शेजारच्या विंगमधल्या यंत्राचाही असू शकतो. अशा वेळी कंपनीला एकच प्रश्न विचारा: नोंदीत सोर्स पोर्ट (त्या जोडणीचा तात्पुरता क्रमांक) आहे का? वेळ आणि पोर्ट दोन्ही असतील तरच कोणतं घर ते नेमकं कळतं. नुसत्या आयपीवरून पाठवलेला इशारा हा अंदाज असतो. तरी घर तपासून घ्यायला काहीच हरकत नाही.

आता मालवेअरचं नाव, कारण टूल उपयोगी पडणार की नाही ते यावरच ठरतं. सॅलिटी, कॉन्फिकर, ॲन्ड्रोमेडा ही विंडोजची दुखणी. इथे केंद्राचं टूल अगदी योग्य. मिराई किंवा मोझी असेल तर ते राउटर, डीव्हीआर किंवा आयपी कॅमेऱ्यात असतं. विंडोजचं टूल दहा वेळा चालवलं तरी ‘काही सापडलं नाही’ असंच येणार आणि घरचे निर्धास्त होणार. या टूलबाबत सगळ्यात मोठी फसगत हीच. बॅडबॉक्स किंवा वोईड हे नाव दिसलं तर संशय थेट स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर घ्या.

विंडोजवर टूल चालवताना हा क्रम ठेवा. लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ३२ बिट की ६४ बिट ते पाहून तीच फाइल उतरवा. फाइलवर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तिन्ही कंपन्यांची टूल्स एकाच वेळी लावू नका, एक पुरे. नंतर विंडोज सिक्युरिटीमधला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. संगणक रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात, म्हणून उघडं काम आधी सेव्ह करा. विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्या गोष्टी हा स्कॅन पकडू शकतो, म्हणून नुसत्या टूलवर थांबू नये. आणि हे टूल कायमचा पहारेकरी नाही, एकदा झाडून काढणारं आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा विंडोजचा फुकट ॲक्टिव्हेटर तसाच राहिला तर आठवड्यात घाण परत येते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेही ध्यानात ठेवा.

राउटरची सफाई केंद्राचं टूल करत नाही, ती हातानेच करावी लागते. मिराई मेमरीत राहतो, त्यामुळे वीज काढून लावली की जातो. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात पुन्हा शिरतो. मिराईकडे कारखान्यातून येणाऱ्या ६० हून अधिक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादीच होती. रीसेटच्या भोकात पिन घालण्याआधी एक काम नक्की करा: पीपीपीओईचं (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम आणि व्हीलॅन हा लाइनच्या सेटिंगचा क्रमांक असलेल्या पानांचे फोटो काढा, पासवर्ड केबलवाल्याकडून लिहून घ्या. नाहीतर सगळी माहिती पुसली जाते आणि रविवारी संध्याकाळी केबलवाल्याचा माणूस मिळत नाही. रीसेटनंतर ॲडमिनचा पासवर्ड बदला. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळण्याची सोय), यूपीएनपी (यंत्रांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडणारी सोय) बंद करा. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात अनोळखी पत्ता नाही ना, ते बघा. तिथे क्वाड९ चा ९.९.९.९ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ टाकला तर माहितीतल्या घातक पत्त्यांकडे जाणाऱ्या बऱ्याच हाका अडतात. यंत्र मात्र त्याने स्वच्छ होत नाही.

डीव्हीआरला कॅमेरेवाला बहुधा बाहेरून मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून देतो. राउटरमधलं ते पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. डीव्हीआरचा पासवर्ड बदला, आणि नवं फर्मवेअर मिळतच नसेल तर त्याची नेटवर्कची (लॅनची) वायर काढून ठेवा. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर चालूच राहतं.

टीव्ही बॉक्सबद्दल सरळ मत: प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटखाली गूगलच्या प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र नसेल तर बॉक्स काढून टाका. बॅडबॉक्ससारखं मालवेअर अनेकदा फर्मवेअरमध्येच मुरलेलं असतं, फॅक्टरी रीसेटने ते जात नाही. दोन-तीन हजारांचा बॉक्स टाकताना जीव हळहळतो, पण त्याच्या आडून दुसरं कुणी आपलं कनेक्शन वापरतं आणि इशारे येत राहतात.

नेमकं यंत्र कोणतं ते कळत नसेल तर राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून एकेक ओळखा. फोन खोटा मॅक पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) दाखवतात, त्यामुळे यादी फसवी वाटते. फोनमधला असा पत्ता दाखवण्याचा पर्याय घरच्या वायफायपुरता बंद केला की नावं जुळतात. मग एकेक यंत्र दोन दिवस बंद ठेवून इशारा थांबतो का ते बघा. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप फॉरमॅट करायला नेण्याआधी हे कराच. दोष डीव्हीआरमध्ये असेल तर फॉरमॅटचे पैसे फुकट जातात आणि फोटोही जातात.

केंद्राच्या पानावर यूएसबी प्रतिरोध हे सी-डॅक या सरकारी संस्थेचं टूलही आहे, पेन ड्राइव्हवर पहारा ठेवणारं. घरून हिशेबाचं किंवा क्लासचं काम करणाऱ्यांना ते नक्की उपयोगी. ईस्कॅनचं बॉट काढणारं ॲप अँड्रॉइड फोनसाठीही मिळतं.

पासवर्ड शेवटी बदला, आणि तेही स्वच्छ फोनवरून. पहिला ईमेलचा, मग बँकेचा. ईमेलमध्ये ‘सगळ्या यंत्रांवरून साइन आउट’ हा पर्याय वापरा, कारण चोरलेल्या कुकीने (ब्राउझरमध्ये साठवलेल्या लॉगिनच्या खुणेने) पासवर्डशिवायही आत शिरता येतं. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पोलीस आयुक्तालयांत सायबर पोलीस ठाणं आहे. तिथे जाताना इशाऱ्याचा एसएमएस, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि राउटरच्या पानांचे फोटो सोबत न्या.